मोहाचा लाडू आणि प्रीतिभोजनाची पंगत



येत्या पुनरुत्थानाच्या सणाला आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात बुंदीऐवजी मोहफुलांचे लाडू वाढावेत, असे आम्ही सेवा करणाऱ्यांनी सुचवले आहे. लाडू उटनूरच्या आदिवासी बायकांकडून आणायचे. सूचना एवढीच होती, पण उपासनेनंतर अंगणात बराच वेळ तिचीच चर्चा चालली. "मोह म्हणजे दारूचा मोह ना?" असे एका मावशींनी विचारले. एका काकांनी हसत हसत सांगितले की ज्याच्यापासून वाचव म्हणून आपण रोज प्रार्थना करतो, तोच मोह तुम्ही आता पंगतीत वाढणार! हसू आम्हालाही आले. पण हसण्याच्या खाली असलेला प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर चहा पिता पिता देण्यासारखे नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

आमचे मत आधीच सांगतो. जे लोक जंगलावर, समुद्रावर किंवा बर्फावर जगतात त्यांचे अन्न विकत घेऊन आदराने आपल्या ताटात घेणे हे देणगी देण्यापेक्षा मोठे काम आहे. देणगी देताना आपण वर असतो आणि घेणारा खाली. त्याचे अन्न खाताना दोघे एकाच पंगतीला बसतात. मात्र दिलेला पैसा कुणाच्या हातात पडतो, हे पाहिल्याशिवाय त्या खाण्याला काही अर्थ नाही. त्याबद्दल पुढे.

आपण भैंसाची माणसे. आपल्या भागाचे दप्तर किती वेळा इकडून तिकडे गेले ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. १९५६ पर्यंत मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे नांदेड जिल्ह्यात होती. राज्यांची फेररचना झाली तेव्हा ती आदिलाबादला जोडली, आणि आदिलाबादचे किनवट व राजुरा तिकडे गेले. २०१६ पासून आपण निर्मल जिल्ह्यात आहोत. मोहाच्या झाडाला यातले काही कळले नाही. ते किनवटच्या रानातही आहे आणि उटनूरच्या रानातही, आणि त्याखाली फुले वेचणारे गोंड व कोलाम दोन्हीकडे एकमेकांचे सोयरेच आहेत. आपल्या भोवती मात्र आता कापूस आणि सोयाबीन. रान दूर गेले, तशी रानातली माणसेही आपल्याला बाजाराच्या दिवशीच दिसतात.

मोहाचे फूल तोडत नाहीत. ते रात्री उमलते आणि पहाटे आपोआप गळते. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आपला उपवासकाळ चालू असतो त्याच सुमारास, बायका-मुले अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ऊन चढायच्या आत वेचणी झाली पाहिजे, नाहीतर गुरे आणि रानातली जनावरे ती खाऊन टाकतात. ताजे फूल फिकट पिवळसर, रसाळ आणि इतके गोड की चार खाल्ली तर तोंड चिकट होते. अंगणात चार दिवस वाळवले की ते काळपट तांबडे होते आणि बेदाण्यासारखे दिसते. पूर्वी ज्या घरात पावसाळ्यात धान्य संपायचे, त्या घरात हीच वाळलेली फुले उकडून किंवा ज्वारीच्या पिठात मिसळून दिवस काढले जात. बियांचे तेल निघते, ते खायला आणि दिव्याला. एका चांगल्या झाडावर घराचा काही महिन्यांचा आधार असतो. म्हणून नवे शेत काढतानाही मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत.

आणि या फुलाला भाव काय मिळतो? केंद्र सरकारने ठरवलेला आधारभाव वाळलेल्या फुलाला किलोमागे १७ रुपये होता. २०२० मध्ये तो ३० रुपये झाला. पहाटेपासून कंबर वाकवून वेचलेले आणि वाळून हलके झालेले एक किलो फूल ३० रुपयांना! तेही सरकारी खरेदी वेळेवर झाली तर. नाहीतर गावात येणारा व्यापारी एप्रिलमध्ये पडेल भावाने घेऊन जातो आणि तेच फूल पावसाळ्यात चढ्या भावाने परत येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली, पण मालकी कागदावर असणे आणि भाव हातात असणे यात फार अंतर आहे.

हे अंतर कमी करण्याचे काम उटनूरच्या काही बायकांनी केले आहे. भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघ या नावाने त्या एकत्र आल्या आणि मोहफुले भाजून, त्यात शेंगदाणे, तीळ, गूळ वगैरे घालून लाडू करून विकू लागल्या. एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे साहाय्य त्यांना मिळाले. लाडू आश्रमशाळांतल्या मुलांपर्यंत गेले. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये आदिलाबादच्या या मोहफुलांच्या पदार्थांचा उल्लेख केला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकले. शेजारच्या उटनूरची बातमी आपल्याला दिल्लीवरून कळली, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

आता दारूचे.

ही शंका आम्ही हलकी समजत नाही. आपल्या मंडळीत अशी घरे आहेत ज्यांनी गुडुंब्यापायी शेत गमावले, माणूस गमावला. याच तेलुगू मुलखात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या बायकांनी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध उठाव केला आणि १९९५ मध्ये आंध्र प्रदेशात दारूबंदी आली. ती दोनच वर्षे टिकली, पण त्या बायकांचे रडणे खोटे नव्हते. पलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे "मोह" म्हटले की एखाद्या बहिणीच्या पोटात गोळा येत असेल तर आम्ही तिला हसणार नाही.

पण नीट पाहा. गुडुंबा बहुतेक गुळापासून गाळतात. म्हणून आपण गूळ सोडला का? नाताळच्या करंजीत गूळ असतोच. दारू द्राक्षाची होते म्हणून केकमधले बेदाणे कुणी वेचून बाजूला ठेवत नाही. काना गावच्या लग्नाची गोष्ट तर आपण उपदेशात आनंदाने ऐकतो. मग एकट्या मोहावरच हा डाग का? आम्हाला वाटते, कारण फळात नाही. गूळ आपला आहे, बेदाणे दुकानातून येतात, आणि मोह "त्यांचा" आहे. डाग फुलावरचा नाही, माणसांवरचा आहे.

हा डाग जुना आहे आणि तो धर्मापेक्षा महसुलाने जास्त पसरवला. १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहाच्या फुलांसाठी खास कायदा केला आणि ठाणे व कुलाबा भागात फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर बंधने आणली. सांगितले गेले ते चोरट्या दारूचे कारण. पण सरकारला स्वतःच्या परवान्याची दारू खपवून कर मिळवायचा होता, हेही तितकेच खरे. त्यात गरिबाचे उन्हाळ्यातले अन्न गेले, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. महाराष्ट्रात मोहफुले गोळा करण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधने उठवण्याचा निर्णय व्हायला २०२१ उजाडले.

असेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घडले आहे, आणि ती गोष्ट आपल्या पंगतीच्या प्रश्नाला फार जवळची आहे. कॅनडाच्या उत्तरेला बर्फाच्या प्रदेशात इनुइट लोक राहतात. तिथे शेती नाही. भाजी आणि पीठ विमानाने येते, आणि भाव ऐकले तर आपल्याला घेरी येईल. त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न म्हणजे सील, थंड समुद्रातला मिशीवाला, चरबीने गुबगुबीत प्राणी. त्याचे मांस काळपट आणि लोहाने भरलेले असते. शिकार मिळाली की ती एका घरात राहत नाही, साऱ्या वस्तीत वाटली जाते. कातडे विकून जो पैसा येतो त्यातून पुढच्या शिकारीचे पेट्रोल आणि काडतुसे येतात. म्हणजे कातडे विकले गेले नाही तर मांसही मिळत नाही.

मग काय झाले? सीलच्या पांढऱ्या पिलांना दांडक्याने मारतानाची चित्रे जगभर गेली, लोक कळवळले, आणि १९८३ मध्ये युरोपने पिलांच्या कातड्याला बाजार बंद केला. इनुइट ती पांढरी पिले मारतच नव्हते. ते मोठे सील मारत होते, खाण्यासाठी. पण गिऱ्हाईक असा फरक करत बसत नाही. सगळ्याच कातड्यांचे भाव कोसळले आणि शिकाऱ्यांच्या घरची मिळकत गेली. २००९ मध्ये युरोपने सीलच्या मालावर आणखी मोठी बंदी घातली. तिच्यात इनुइट शिकारीला सूट होती, पण बाजारच उरला नाही तर सुटीचे काय करायचे? आलेथिया आर्नाकुक-बारिल या इनुइट दिग्दर्शिकेने २०१६ मध्ये 'अँग्री इनुक' हा माहितीपट काढला, तो याच दुःखावर आहे. दया दाखवणाऱ्यांनी कोणाच्या चुलीवर पाणी ओतले ते तिने दाखवले.

हे लोक बहुतेक आपल्यासारखेच ख्रिस्ती आहेत. इकालुइट गावी त्यांचे कॅथीड्रल बर्फाच्या घराच्या, म्हणजे इग्लूच्या आकाराचे आहे. जळून गेल्यावर ते पुन्हा बांधले आणि २०१२ मध्ये, त्याच वर्षी, संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत त्यांच्या हाती आले. आपण प्रार्थनेत "जगभरच्या मंडळ्यांसाठी" म्हणतो तेव्हा सीलचे मांस खाणारे हे भाऊबहीणही त्यात असतात.

२०१७ मध्ये टोरांटो शहरात जोसेफ शवाना नावाच्या ओडावा आदिवासी आचाऱ्याने आपल्या छोट्या खाणावळीत सीलचे मांस ठेवले. खाणावळीच्या नावाचा अर्थ 'आजीचे स्वयंपाकघर'. ताबडतोब हजारो लोकांनी विरोधात सह्या केल्या. शेजारच्या खाणावळींत गाईचे, डुकराचे, कोंबडीचे मांस रोज शिजत होते, त्यांच्याविरुद्ध कुणी सह्या गोळा करत नव्हते. मग शवानाच्या बाजूनेही लोक उभे राहिले. त्याचे म्हणणे साधे होते: हे आमचे अन्न आहे, ते लपवून का खायचे?

पण विरोधकांच्या एका मुद्द्यात दम होता, तो आम्ही झाकत नाही. त्या ताटातले मांस इनुइट शिकाऱ्याकडून नव्हे, तर व्यापारी शिकारीतून आलेले आहे, असे ते म्हणत होते. नाव आदिवासींचे आणि नफा दुसऱ्याचा, असे असेल तर तो पाठिंबा कसला? हा प्रश्न आपल्या मोहालाही तंतोतंत लागू आहे. आज मोठ्या शहरांत मोहाची दारू सुंदर बाटलीत, 'वारसा' म्हणून विकायला लागले आहेत. पंचतारांकित हॉटेलात ती मिरवते, आणि तीच घरी गाळणाऱ्या गोंड बाईवर खटला होतो. फूल वेचणारीला मात्र किलोमागे थोडेच रुपये. अशा प्रतिष्ठेचे आम्हाला कौतुक नाही.

कोणी असेही विचारील की मग आपल्याकडच्या शिकारी जमातींचे काय? फासेपारधी तित्तर-ससे धरून जगत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, पण पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातून पुसला गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि बदल्यात त्यांना दुसरे पोट कुणी दिले नाही. शिकार पुन्हा सुरू करा असे आम्ही म्हणत नाही. आपले कवळचे जंगल २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे हरणे राहिली तरच वाघ राहील. पण बंदी घालणाऱ्याने बंदीचा खर्च गरिबाच्या गळ्यात टाकू नये, एवढे म्हणायचा हक्क आपल्याला आहे. मोहात तोही पेच नाही. फूल स्वतःच गळते, कुणाचा जीव जात नाही. एक दोष आहे तो सांगतो: वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि कधीकधी त्यातून वणवा लागतो. झाडाखाली जाळी बांधली तर पाला जाळावा लागत नाही, फूलही स्वच्छ मिळते. जाळीला पैसा लागतो, आणि तो पैसा चांगल्या भावातूनच येणार.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. यापो शहरात पेत्र छपरावर प्रार्थना करत होता, त्याला भूक लागली होती, आणि आकाशातून मोठ्या चादरीसारखे काही उतरले. त्यात सर्व प्रकारचे प्राणी होते. खा म्हटल्यावर पेत्राने नकार दिला, आपण कधी अशुद्ध खाल्ले नाही म्हणून. तीनदा तसेच झाले. आपण ही गोष्ट नेहमी अन्यजातींना सुवार्ता कशी गेली यासाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण देवाने हा धडा ताटावरून का शिकवला, याकडे आपले लक्ष जात नाही. कारण माणसाला बाहेर ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग ताटावरूनच जातो. कर्नेल्याच्या घरी पेत्र काही दिवस राहिला, आणि यरुशलेमेत परत आल्यावर त्याच्यावर आरोप काय झाला? त्याने उपदेश केला म्हणून नव्हे, तर तो त्यांच्याबरोबर जेवला म्हणून!

योहान बाप्तिस्मा करणारा तर रानातलेच खाऊन राहिला, आणि पुनरुत्थित प्रभूने तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना बोलावले ते कोळ्यांचे जेवण होते. राजवाड्याचे पक्वान्न नव्हते.

आणि आपण कोण हेही विसरू नये. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरचे. त्यांच्या घरी मांसाच्या चान्या वाळत घातलेल्या असत, आणि त्यावरून गावाने त्यांना काय काय म्हटले ते घराघरांत ठाऊक आहे, जरी आज कुणी बोलत नसले तरी. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून त्या स्वयंपाकघराची दारे उघडली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की आपल्या आजीची भाजी लाजेची नव्हती. ज्यांच्या ताटाला जगाने विटाळ म्हटले, त्यांनी दुसऱ्याच्या ताटाला विटाळ म्हणणे शोभत नाही. ख्रिस्ती होताना आपण पुष्कळ गोष्टी सोडल्या, काही योग्यच सोडल्या. पण शहाणपणाच्या नावाखाली वरच्यांची नाक मुरडायची सवयही आपण उचलली की काय, हे तपासायला हवे.

पौलाचा एक इशारा मात्र आम्ही डोळ्यांपुढे ठेवला आहे. करिंथच्या मंडळीला तो सांगतो की आपल्या खाण्यामुळे दुर्बळ भाऊ अडखळणार असेल तर त्याचा विचार कर. मोहाच्या लाडवात दारूचा अंश नसतो, फूल भाजलेले असते, आंबवलेले नसते. तरीही दारू सोडून उभ्या राहिलेल्या एखाद्या भावाला त्याचा वासही नको असेल. त्याच्यासाठी शेजारच्या ताटात तिळाचे लाडू असतील, आणि कुणी काय घेतले हे कुणीही विचारणार नाही. वाढणाऱ्यांना ही सक्त ताकीद आहे.

खरे तर हे काम एकट्या मंडळीचे नाही. निर्मलहून आदिलाबादला जाणाऱ्या हमरस्त्यावर किती हॉटेले आहेत! तिथे हैदराबादी बिर्याणी आहे, पंजाबी पनीर आहे, चायनीज नूडल्स आहेत. ज्यांच्या रानातून तो रस्ता जातो त्या गोंडांचे एखादे ताट आम्हाला अजून कुठे दिसलेले नाही. ज्वारीची भाकरी, रानभाजी आणि शेवटी मोहाचा एक लाडू, एवढे जरी कुणी ठेवले तरी ट्रकवाला ते आवडीने खाईल. आपल्या मंडळीतल्या ज्या भावांची हॉटेले आणि मेस आहेत, त्यांनी गल्ल्याशेजारच्या बरणीत हे लाडू ठेवून पाहावेत. पूर्ण ताटाचा विचार नंतर करू.

आमचे ठरले ते असे. लाडू दलालाकडून घ्यायचे नाहीत, थेट बायकांच्या संघाकडून घ्यायचे. घासाघीस करायची नाही. मिठाईवाल्याला बुंदीचा जो भाव देतो त्यापेक्षा एक रुपयाही कमी द्यायचा नाही. फूल वेचणारीला किलोमागे काय मिळाले, हे विचारायचे आणि मंडळीला सांगायचे. पैसे आगाऊ द्यायचे, कारण ज्या हंगामात व्यापारी पडेल भावाने माल उचलतो त्याच हंगामात घरात रोख लागते. वर्गणी गोळा करण्याचे काम महिला मंडळाने घेतले आहे. तरुण संघातली तिघे गुडीहतनूर, इंद्रवेल्लीवरून उटनूरला जाऊन येतील. येताना इंद्रवेल्लीच्या हुतात्मा स्मारकापाशी थांबा, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. २० एप्रिल १९८१ रोजी आपल्या हक्कांसाठी जमलेल्या गोंडांवर तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. कोणाचे अन्न आणायला निघालो आहोत ते मुलांना कळलेले बरे.

ज्यांना वर्गणी द्यायची आहे त्यांनी झावळ्यांच्या रविवारपर्यंत महिला मंडळाच्या खजिनदार ताईंकडे द्यावी. ज्यांना लाडू नको आहे त्यांनीही जेवायला नक्की यावे. आणि ते काका, ज्यांनी प्रभूच्या प्रार्थनेचा विनोद केला, त्यांनी दोन किलोंचे पैसे परवाच आणून दिले आहेत.